पीएच.डी.नंतरची दोन वर्षे

मागच्या महिन्यात आमचे एक जुने गिऱ्हाईक, पेशाने शिंपी, दुकानावर येऊन बसले. लेक रसायनशास्त्रात पीएच.डी. झाली आहे आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तिच्या सरांनी विद्यापीठात ‘पोस्ट डॉक्टरल’ संशोधनाची जागा सुचवली. बाप म्हणाला, “सेठ, दोन सालची नोकरी, ती काय नोकरी?”

आम्ही उर्दू शाळेत शिकलेले कापडवाले, आम्हालाही सांगता येईना. मग चौकशी केली, ती वाचकांपुढे ठेवतो.

ही जागा पीएच.डी. झालेल्यांचीच. एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत आपल्या विषयावर काम करायचे, शोधनिबंध छापायचे आणि त्याचे दरमहा मानधन घ्यायचे. केंद्राची नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. वयाची अट ३५. महिला आणि ओबीसींना ५ वर्षांची सूट. (मोमीन, पिंजारी बंधूंनी दाखले आधीच काढून ठेवावेत, ऐनवेळी तहसीलला खेटे घालू नयेत.) दुसरी वाट सरकारी प्रकल्पात रिसर्च असोसिएट होण्याची. केंद्राच्या विज्ञान विभागाने जानेवारी २०२३ पासून त्याचे मानधन दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये केले, घरभाडे वेगळे. पेन्शन नाही, कायम होण्याची हमीही नाही. पण तासिकेवर वर्षानुवर्षे घासण्यापेक्षा हा सौदा आम्हाला बरा वाटतो, कारण पुढे प्राध्यापकाच्या किंवा कारखान्यातल्या संशोधनाच्या जागेसाठी हा अनुभव हातात राहतो.

आपल्या धंद्याशी याचा संबंध नाही असे समजू नका. मुंबई विद्यापीठात १९३३ साली रसायन तंत्रज्ञान विभाग निघाला, तेव्हा कापडाचे रसायन हा त्याच्या पहिल्या विषयांपैकी एक होता. आज तीच माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, स्वतंत्र विद्यापीठाच्या दर्जाची. जालन्यालाही तिचे केंद्र आहे. १९९७ साली सरकारने काही ॲझो रंगांवर बंदी घातली, तेव्हा रंगाऱ्यांना दुसरे रंग शोधावे लागले. असे रंग प्रयोगशाळेतूनच येतात.

फेलोशिपसाठी आधी मार्गदर्शक प्राध्यापकाची संमती लागते, म्हणून जाहिरातीची वाट पाहत बसू नये. सुरतेला नव्या पेढीवर माल घ्यायला जाताना आपण आधी ओळख काढतो, तसेच हे. प्रबंधाचा गोषवारा आणि छापलेले निबंध जोडून सरळ पत्र लिहावे. अनोळखी प्राध्यापकालाही लिहिता येते, त्यात संकोच नको.

पीएच.डी. करणाऱ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ साली बंद झाली. त्यामुळे इथवर पोचणारी आपली मुले आणखी कमी होण्याची भीती आहे. जी पोचली, त्यांना तरी कोणी गल्ल्यावर परत बोलावू नये.

शिंपीभाई परवा पुन्हा आले होते. लेकीने मुंबईला पत्र धाडले आहे. माटुंग्याच्या आसपास मुलींच्या राहण्याची चांगली सोय कुठे आहे, ते विचारीत होते.