उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि सोसायट्यांमधल्या गाड्या आठवडेच्या आठवडे जागच्या हलल्या नाहीत. पुढे मुभा मिळाल्यावर अनेकांनी सेल्फ मारला, तर नुसती टक्-टक् ऐकू आली. घरून काम करणाऱ्यांच्या किंवा मेट्रोने जाणाऱ्यांच्या गाड्या आजही अशाच उभ्या असतात. बॅटरी वापराने झिजते हे खरेच, पण अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर ती त्याहून लवकर निकामी होते.

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९मध्ये शिसे आणि आम्ल यांची बॅटरी तयार केली. पेट्रोल-डिझेल गाड्यांत आजही मुख्यतः तेच रसायन आहे. बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो. वीज घेतली की धन आणि ऋण अशा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेटचे बारीक स्फटिक जमतात आणि आम्ल पातळ होते. चार्जिंग झाले की स्फटिक विरघळून आम्ल पुन्हा तीव्र होते. मात्र चार्जिंग लांबले, तर पिठीसाखरेची खडीसाखर व्हावी तसे ते मोठे आणि कठीण होत जातात. मग ते सहज विरघळत नाहीत आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा वाया जातो. याला सल्फेशन म्हणतात.

गाडी बंद असली तरी अलार्म, सेंट्रल लॉकिंग आणि संगणक थोडी वीज घेतच असतात. हा प्रवाह ३० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे महिन्याला सुमारे २२. लहान गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे महिन्याभरात निम्म्याहून अधिक साठा संपतो. शिवाय बॅटरी आतल्या आतही उतरत असते आणि उन्हाळ्यात हा वेग आणखी वाढतो.

म्हणून अनेक जण रोज पाच मिनिटे इंजिन चालू ठेवतात. हेतू चांगला, पण उपाय तोकडा. इंजिन जागच्या जागी फिरताना अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने वीज देत नाही. त्यात एसी किंवा दिवे लावले, तर बॅटरीच्या वाट्याला फारच थोडी येते. उतरलेली बॅटरी पूर्ण भरायला काही तास लागतात आणि शेवटचा भाग सर्वांत सावकाश भरतो. थंड इंजिन लगेच बंद केल्याने सायलेन्सरमध्ये पाणीही साचते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर गाडी फिरवून आणावी.

तेही जमत नसेल, तर बॅटरी भरल्यावर आपोआप प्रवाह कमी करणारा चार्जर वापरावा. चार्जिंगमध्ये हायड्रोजन वायू निघू शकतो. तो स्फोटक असल्याने जागा हवेशीर हवी आणि जवळ ठिणगी नको.

महिनाभर परगावी जाणार असाल, तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून ऋण टर्मिनल काढून ठेवावे. ऋण आधी काढायचे, कारण गाडीचा पत्रा त्याच टोकाला जोडलेला असतो. धन टर्मिनल सोडवताना पाना पत्र्याला टेकला, तर थेट शॉर्टसर्किट होते. जोडताना ऋण शेवटी. अर्थात टर्मिनल काढल्यावर अलार्मही बंद होतो, तेव्हा गाडी सुरक्षित जागीच ठेवावी.

बॅटरीची तब्येत साध्या मल्टिमीटरवर कळते. गाडी काही तास बंद ठेवून मोजावे. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. आकडा १२.४च्या खाली गेला, की चार्जिंग लांबवू नये. टोपण उघडणाऱ्या बॅटरीत पट्ट्या उघड्या पडू देऊ नयेत आणि फक्त डिस्टिल्ड वॉटरच घालावे.

ही काळजी केवळ पैसे वाचवण्यासाठी नाही. शिसे विषारी आहे, लहान मुलांच्या मेंदूला तर फारच घातक. बॅटरी निकामी झाली की अधिकृत विक्रेत्याकडेच परत द्यावी, कारण उघड्यावर शिसे वितळवणाऱ्या भट्ट्या आसपासची माती आणि हवा नासवतात. आपली बॅटरी एखादे वर्ष जास्त टिकली, तर तेवढे शिसे तेवढा काळ भट्टीपासून दूर राहते.