भयकादंबरीचा चित्रपट होतो तेव्हां

माझें घर शनिवार पेठेंत आहे. तेथून थोड्याच अंतरावर शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आहे, आणि त्या दरवाजाच्या आंत आम्हीं लहानपणापासून ऐकलेली एक भयकथा आहे. १७७३ सालच्या ऑगस्टच्या ३० तारखेला, ऐन गणेशोत्सवांत, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना गारद्यांनीं वाड्यांत गांठून मारलें. जीव घेऊन धांवतांना ते 'काका, मला वाचवा' असें ओरडले, आणि ती हांक अवसेच्या रात्रीं अजून ऐकूं येते अशी आख्यायिका आहे. वाड्याच्या इमारती १८२८ सालच्या आगींत जळाल्या. आतां तट, दरवाजे आणि जोतीं तेवढीं उरलीं आहेत. साठांहून अधिक वर्षें मी या पेठेंत काढलीं; ती हांक कांहीं माझ्या कानीं आली नाहीं. परंतु ही गोष्ट मुलांना सांगतांना माझ्या स्वतःच्याच अंगावर कांटा येतो, हें मात्र खरें.

हा कांटा कशामुळें येतो? रक्तामुळें म्हणावें, तर पानिपतावर याच्या हजारों पट रक्त सांडलें. येथें कांटा येतो तो 'काका' या एका शब्दामुळें. ज्याच्याकडे आसऱ्यासाठीं धांवावें, त्याच्याच हुकुमानें मारेकरी आलेले होते. विश्वास आधीं आणि घात मागून, हा सर्व भयकथांचा मूळ क्रम होय. शनिवारवाड्याच्या गोष्टींत तो क्रम तीन शब्दांत पुरा होतो. कारण काका म्हणजे कोण, हें मराठी मुलाला निराळें शिकवावें लागत नाहीं.

कादंबरीकाराला मात्र तें शिकवावें लागतें. त्याचीं माणसें वाचकाला परकीं असतात. म्हणून तो घर दाखवितो, जिन्याची कोणती पायरी वाजते तें सांगतो, कोणाची कोणावर माया आहे, कोण कोणाशीं अबोला धरून आहे, याचा सविस्तर हिशेब देतो. उतावळा वाचक म्हणतो, 'पन्नास पानें झालीं, अजून भूत कसें नाहीं?' परंतु तीं पन्नास पानें फुकट गेलेलीं नसतात. ज्या घराशीं आपली ओळखच नाहीं, त्या घराचें दार मध्यरात्रीं वाजलें काय आणि न वाजलें काय, आपल्याला दोन्ही सारखेंच! ओळख झाली म्हणजे मगच तें वाजणें आपल्या छातींत वाजतें. तात्पर्य, भयकादंबरीची लांबी हा तिचा दोष नसून तें तिचें हत्यार आहे.

आतां प्रश्न असा कीं, हें हत्यार चित्रपटकाराच्या हातीं येतें कसें? त्याच्याजवळ तास असतात दोन, फार तर पावणेतीन. याचें एक ठळक उदाहरण घेऊं. तें सातासमुद्रांपलीकडचें असलें, तरी त्याचा मराठी वाचकाशीं जवळचा संबंध आहे.

स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाची 'इट' ही कादंबरी १९८६ सालीं प्रसिद्ध झाली. तिचीं पानें अकराशेंहून अधिक. पानाला दोन मिनिटें धरलीं, तरी वाचनाला छत्तीस तास हवेत. 'इट' म्हणजे 'तें'. डेरी नांवाच्या गांवाखालच्या गटारांत दडून राहणारें, सुमारें दर सत्तावीस वर्षांनीं जागें होणारें, आणि ज्या मुलाला ज्याची भीति वाटते त्याचेंच रूप घेऊन त्याच्यापुढें येणारें असें कांहीं तरी. सात मुलें त्याला तोंड देतात आणि शपथ घेतात कीं, 'तें' पुन्हां आलें तर आपणहि परत येऊं. पुढें तीं मोठीं होतात, दूरदूरच्या शहरांत जातात आणि सारें विसरतात. गांवांत राहिलेला एकटा तेवढा विसरत नाहीं. सत्तावीस वर्षांनीं तो बाकीच्या सहा जणांना हांक घालतो. हांक ऐकून पांच जण येतात. सहावा त्या हांकेनेंच खचून आपला जीव देतो.

याच कादंबरीवरून नारायण धारप (१९२५–२००८) यांनीं मराठींत आपली कादंबरी बेतली आणि तिला नांव दिलें 'शपथ'. श्रोतेहो, या नांवाकडे नीट लक्ष द्यावें. मूळ लेखकानें ग्रंथाला राक्षसाचें नांव दिलें. धारपांनीं तें काढून माणसांच्या वचनाचें नांव दिलें. रूपांतर कसें करावें याचा सारा धडा मला या एका शब्दांत दिसतो. अकराशें पानांतलें काय टिकवावयाचें आणि काय टाकावयाचें, हें ठरविण्यापूर्वीं गोष्ट कोणत्या खुंटीवर टांगलेली आहे तें ओळखावें लागतें. येथें खुंटी राक्षसाची नाहीं. हांकेला ओ देण्याचें वचन, ही ती खुंटी.

आतां पडद्याकडे वळूं. 'इट'ची १९९० सालीं दूरचित्रवाणीसाठीं दोन भागांची मालिका झाली. पुढें अँडी मुशिएटी या दिग्दर्शकानें दोन चित्रपट केले. पहिला २०१७ सालचा, १३५ मिनिटांचा, आणि दुसरा २०१९ सालचा, १६९ मिनिटांचा. कादंबरींतील बालपण १९५८ च्या सुमाराचें आहे. चित्रपटांत तें १९८९ पर्यंत पुढें आणलें, म्हणजे मोठेपण आपोआप आपल्या काळांत येऊन पडतें. हा बदल मला योग्य वाटतो. त्या जुन्या काळचीं मुलें पडद्यावरील लांडगा-माणसाला आणि पट्ट्यांत गुंडाळलेल्या प्रेताला भीत. आजचीं मुलें त्यांना पाहून हंसतील. भीति पिढीगणिक वस्त्रें बदलते. तिचीं जुनीं वस्त्रें जपून ठेवण्यांत निष्ठा नाहीं.

परंतु दुसरा एक बदल असा आहे कीं, त्यानें मूळ रचनेलाच हात घातला. कादंबरींत बालपण आणि मोठेपण हे दोन धागे एकमेकांत विणलेले आहेत. मोठा झालेला माणूस रस्त्यानें चालतां चालतां थबकतो, त्याला कांहीं तरी आठवूं लागतें, आणि पान उलटतांच आपण त्याच्या बालपणांत उतरतों. त्याला जेवढें आठवतें तेवढेंच आपल्याला कळतें. त्याच्याबरोबर आपणहि विसरलेले असतों, आणि त्याच्याबरोबरच आपल्याला आठवत जातें. चित्रपटकारांनीं हे धागे उसवून वेगळे केले: पहिल्या चित्रपटांत सारें बालपण, दुसऱ्यांत मोठेपण. त्यामुळें पहिला चित्रपट सरळ, घट्ट आणि स्वयंपूर्ण झाला. सात मुलांची मैत्री डोळ्यांपुढें जुळते, आणि मैत्री जुळली म्हणून भयहि वाटतें. परंतु त्याची किंमत दुसऱ्या चित्रपटाला द्यावी लागली. पात्रें विसरलीं आहेत, पण प्रेक्षकाला सर्व आठवतें आहे! वर्गांतल्या मुलाला उत्तर ठाऊक असतां मास्तरानें तेंच गणित फळ्यावर पुन्हां पायरीपायरीनें सोडवावें, तशी ती अवस्था होते. मग बालपणाचे आणखी नवे प्रसंग घालून तें विसरणें उभें करावें लागतें, आणि लांबी वाढते. ही लांबी आणि कादंबरीची लांबी यांत अंतर आहे. एक घड्याळाची, दुसरी ओळखीची.

आतां याच्या उलट उदाहरण आपल्या घरचें घेऊं. राही अनिल बर्वे यांनीं दिग्दर्शित केलेला 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजीं प्रदर्शित झाला. त्याचें नांव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या १९८७ सालच्या दोन खंडी कादंबरीवरून घेतलेलें. त्याचें बीज धारपांच्या 'आजी' या कथेंत. आणि त्या कथेचें मूळ पुन्हां किंग यांच्याच 'ग्रॅमा' या कथेंत. म्हणजे अमेरिकेंतील एक अंथरुणाला खिळलेली आजी मराठींत आली, आणि तेथून कोकणांतल्या पावसांत जाऊन बसली. पेंडशांची कादंबरी भयकथा नव्हे; तिच्यांतील खोतांचा आणि चित्रपटांतील राक्षसाचा संबंध नांवापुरताच समजावा.

येथें अडचण उलट होती. कथा लहान, चित्रपट मोठा. एकट्या मुलानें भयंकर आजीजवळ रात्र काढावयाची, हा कथेचा गाभा चित्रपटाच्या पहिल्या भागांतच संपतो. पुढचें सर्व नवें रचलेलें आहे: हस्तर नांवाच्या शापित देवपुत्राचें सोनें, तें आणण्यासाठीं पुण्याहून पुनःपुन्हां तुंबाडला जाणारा विनायक, आणि अखेर बापाची ती घातक विद्या शिकणारा त्याचा मुलगा. १९१८ पासून १९४७ पर्यंतचा काळ, आणि चित्रपट मात्र दोन तासांच्याहि आंतला. तरीहि तो पाहून उठतांना एक मोठी कादंबरी वाचून खालीं ठेवल्यासारखें वाटतें. हें कसें साधलें?

मला वाटतें, पुनरागमनानें साधलें. तोच ओला रस्ता, तोच पडका वाडा, तीच विहिरींतली वाट. पहिल्या खेपेला सारें सावकाश दाखवून ठेवलें, म्हणजे दुसऱ्या खेपेला नुसता दोर दिसला तरी पुरतो, आणि तिसऱ्या खेपेला बापाच्या मागोमाग लहान मुलगा त्याच वाटेनें निघाला कीं प्रेक्षकाचा जीव आपोआप घशाशीं येतो. कादंबरी जें पानांनीं करते, तें येथें फेऱ्यांनीं केलें आहे. यासाठीं घाई चालत नाहीं. या चित्रपटाच्या चित्रणाला २०१२ मध्यें आरंभ झाला, २०१५ मध्यें पुष्कळसें चित्रण पुन्हां करण्यांत आलें, आणि खरा पाऊस मिळावा म्हणून अनेक पावसाळे वाट पाहण्यांत गेले. तो पाऊस मग केवळ देखावा राहत नाहीं. तो त्या घराण्याच्या हांवेसारखा थांबेनासा होतो. २०१८ सालीं ज्यांनीं या चित्रपटाकडे पाठ फिरविली, त्यांनींच कदाचित् सप्टेंबर २०२४ मध्यें तो पुन्हां लागला तेव्हां गर्दी केली असेल. त्या खेपेला त्याचें उत्पन्न पहिल्या खेपेहून अधिक झालें.

तिसरा मार्ग दैनंदिन मालिकेचा. धारपांच्याच 'ग्रहण' या कादंबरीवर २०१८ मध्यें झी मराठी वाहिनीवर मालिका झाली. मालिकेजवळ वेळ भरपूर, तेव्हां लांब कादंबरीला हेंच पात्र योग्य, असें वरवर वाटेल. परंतु दैनंदिन मालिकेला रोज रात्रीं एक तरी दचका देऊन प्रेक्षकाला उद्यांसाठीं बांधून ठेवावें लागतें. रोज दचकणारा मनुष्य चौथ्या दिवशीं दचकेनासा होतो. कादंबरींतलीं शांत पानें, जीं तिचा खरा पाया, त्यांना या व्यवहारांत जागा मिळणें कठीण जातें.

तेव्हां धारपांची किंवा दुसऱ्या कोणाची मोठी भयकादंबरी पडद्यावर आणूं इच्छिणाऱ्यानें माझ्या मतें तीन गोष्टी कराव्यात. प्रथम खुंटी शोधावी. शपथ आहे, हांव आहे, कीं फसलेला विश्वास आहे, तें एका शब्दांत सांगतां आलें पाहिजे. मग प्रसंग निःशंकपणें कमी करावे, परंतु ओळख कमी करूं नये; दहा भुतांपैकीं आठ गाळलीं तरी चालतील, पण आईनें मुलाच्या ताटांत दुसऱ्यांदा भात वाढला तो क्षण गाळूं नये. आणि गोष्टीचे दोन भाग करणें भाग पडलें, तर पहिल्या भागांत सर्व सांगून टाकूं नये. पात्राला जें ठाऊक नाहीं तें प्रेक्षकापासूनहि राखून ठेवावें.

हें शहाणपण मला पुस्तकांतून आलें नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, सातवीच्या वर्गांत भूगोलाच्या तासाला, एक मुलगा बाकाखालीं जाड पुस्तक वाचतांना मला सांपडला. वाचनालयाचें, खाकी पुठ्ठा घातलेलें. उघडून पाहतों तों 'शपथ'. असल्या वाचनानें मन दुबळें होतें, असें मीं साऱ्या वर्गासमोर त्याला सुनावलें आणि पुस्तक जप्त केलें. त्या मुलाचे वडील आदल्या वर्षीं घर सोडून निघून गेले होते, हें मला ठाऊक होतें. परंतु त्याचा आणि पुस्तकाचा कांहीं संबंध असेल, असें मनांत आलें नाहीं. रात्रीं कुतूहलानें तें उघडलें आणि पहांटेपर्यंत खालीं ठेवलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत त्याला बोलावून पुस्तक परत केलें आणि विचारलें, "हें वाचून भीति वाटत नाहीं का रे तुला?"

तो म्हणाला, "वाटते, गुरुजी. पण सगळे परत येतात का, तेवढंच बघायचंय. तुम्ही वाचलं असेल तर सांगूं नका."

मीं सांगितलें नाहीं. त्या दिवशीं भूगोलाच्या तासाला तो पुन्हां बाकाखालीं वाचत बसला होता, आणि मी फळ्याकडे तोंड करून नकाशा काढीत राहिलों. मोठ्या भयकादंबरीचा चित्रपट करावयास निघालेल्या मनुष्यानें पहिल्या रांगेंत हा मुलगा बसलेला आहे असें समजून चालावें. राक्षस केवढा आहे, हें विचारण्यासाठीं तो आलेला नाहीं. हांक घातल्यावर कोण कोण येतें, एवढेंच त्याला पाहावयाचें आहे.