‘रॉक मशीन’ ते ‘इंडस क्रीड’

ऐंशीच्या दशकात मुंबईच्या महाविद्यालयीन महोत्सवांत पाश्चात्त्य रॉक संगीताला मोठी मागणी होती. पण मंचावरचे बहुतेक बँड परदेशी गाण्यांच्या हुबेहूब नकला सादर करीत. श्रोत्यांनाही तेच हवे असे. अशा वातावरणात स्वतःच्या रचना ध्वनिमुद्रित करण्याचा हट्ट ज्या मोजक्या बँडनी धरला, त्यांत ‘रॉक मशीन’चे नाव अग्रभागी येते.

१९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या बँडनेही सुरुवात परक्या गाण्यांनीच केली होती. गिटारवादक महेश तिनईकर हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. गायक उदय बेनेगल आणि की-बोर्डवादक झुबिन बालापोरिया नंतर सामील झाले. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हे त्यांचे इंग्रजी गाण्यांचे अल्बम आले. पुढे १९९३ मध्ये बँडने नाव बदलून सिंधू नदीची आठवण देणारे ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’च्या चित्रफितीला ‘एमटीव्ही’चा आशिया विभागातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला.

एवढे यश मिळूनही वाट सोपी का झाली नाही? याचे उत्तर अमेरिकेतल्या समकालीन बँडशी तुलना केल्यावर मिळते. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात १९८० मध्ये सुरू झालेला ‘आर.ई.एम.’ हा बँड महाविद्यालयीन रेडिओ केंद्रे, छोट्या ध्वनिमुद्रण कंपन्या आणि गावोगावचे क्लब यांच्या आधारावर वाढला. ‘आल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणून पुढे जगभर गाजलेला प्रवाह याच पायऱ्या चढून वर आला. भारतात त्या काळी आकाशवाणीखेरीज रेडिओ नव्हता. शिवाय चाळीसगावसारख्या तालुक्याच्या गावांपर्यंत केबलच्या तारा पोहोचत गेल्या, तशी संगीतवाहिन्यांची नजर मोठ्या प्रेक्षकवर्गाकडे, म्हणजेच हिंदीकडे वळली. १९९५ मध्ये ‘इंडस क्रीड’ याच नावाचा अल्बम आला. पण ते वर्ष गाजवले अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’ने. स्वतःची इंग्रजी गाणी करणाऱ्या भारतीय बँडसाठी बाजारात जागा उरली नाही.

१९९७ मध्ये बँड विसर्जित झाला. बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी यांनी न्यूयॉर्क गाठून ‘आम्स फॉर शांती’ हा नवा प्रयोग केला. २०१० मध्ये ‘इंडस क्रीड’ पुन्हा एकत्र आला. त्यानंतर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इव्हॉल्व्ह’ या अल्बमचे मिश्रण टिम पामर यांनी केले. ‘पर्ल जॅम’ या अमेरिकन बँडच्या १९९१ मधील ‘टेन’चे मिश्रण करणारे हेच ते तंत्रज्ञ.

दोन अल्बममध्ये सतरा वर्षांचे अंतर पडणे, हे कोणत्याही कलावंताचे मोठे नुकसान असते. मात्र तोवर परिस्थिती पालटली होती. आपली स्वतःची गाणी ऐकवणाऱ्या तरुण बँडना मंच मिळू लागले होते, इंटरनेटमुळे श्रोत्यांपर्यंत थेट पोहोचता येत होते. ‘रॉक मशीन’ला जी गोष्ट भांडून मिळवावी लागली, ती नंतरच्या पिढीने गृहीत धरली. या बँडचे खरे योगदान पुरस्कारापेक्षाही यातच आहे.