बारा व्होल्टची बॅटरी बारा व्होल्ट देत नाही

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. तरीही ताडोबातल्या पाणवठ्यांवरचे पंप, शेताच्या कुंपणावरचं झटका मशीन आणि भामरागडकडच्या पाड्यांवरचे दिवे सौर पॅनेलवर चालतात. बॅटरीचा व्होल्टेज यंत्राला हवा तेवढा करून देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर चुकीचा निवडला, तर ऐन जंगलात सगळं बंद पडतं.

पहिला गैरसमज बॅटरीवरच्या आकड्याचा. बारा व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टपर्यंत चढते, वापरून संपत आली की ११च्या आसपास उतरते. ‘बारा व्होल्ट’चं पॅनेल लोड नसताना २१-२२ व्होल्ट दाखवतं, थंडीच्या सकाळी त्याहून जास्त. म्हणून ज्या यंत्राला नेमके बाराच लागतात, त्याला व्होल्टेज उतरवणारा (बक) आणि चढवणारा (बूस्ट) असा दुहेरी बक-बूस्ट कन्व्हर्टर हवा. नुसता बक किंवा नुसता बूस्ट पुरत नाही.

दुसरा गैरसमज: ‘७८०५ लिनिअर रेग्युलेटर स्वस्त आहे, चालतो की!’ मोबाइल चार्ज करायला बारातून पाच व्होल्ट काढून एक अँपिअर घेतला, तर मोबाइलला ५ वॅट मिळतात आणि ७ वॅटची नुसती उष्णता होते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ ओलांडतो; पत्र्याच्या बंद डब्यात हा रेग्युलेटर तापून स्वतःच बंद होतो. तिथे बकच हवा. एलएम२५९६ या बक चिपची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तरी उष्णता सव्वा वॅटवर येते.

पण म्हणून बक सगळीकडे बरा, असंही नाही. दिवसभर झोपून क्षणभर जागा होणारा सेन्सर ५० मायक्रोअँपिअर घेतो, आणि एलएम२५९६ काही काम नसतानाही सुमारे ५ मिलिअँपिअर खातो, म्हणजे शंभरपट. महिन्याला साडेतीन अँपिअर-तास असेच जातात. पावसाळ्यात दाट झाडीखाली पॅनेल ते भरून काढू शकत नाही. अशा ठिकाणी काही मायक्रोअँपिअरवर भागणारा साधा लिनिअर रेग्युलेटरच खरा.

बूस्टमध्येही आकड्याचा घोळ आहे. एमटी३६०८ बूस्ट मॉड्यूलवरच्या ‘२ अँपिअर’वर जाऊ नका; आतल्या स्विचची मर्यादा ४ अँपिअर आहे, आणि ती आउटपुटची नव्हे. ३.७ व्होल्टच्या सेलवरून १२ व्होल्टला अर्धा अँपिअर मागितला, तरी सेलमधून जवळजवळ दोन अँपिअर ओढले जातात.

आणि कुठलंही अ‍ॅडजस्टेबल मॉड्यूल घेतलंत, तर लोड जोडण्याआधी मल्टिमीटर लावा आणि निळ्या डबीवरचा पितळी स्क्रू फिरवून व्होल्टेज ठरवा. दुकानातून येताना मॉड्यूल पाच व्होल्टवरच असेल, असं धरून चालू नका.