राजाबाई मनोऱ्याच्या दर्शनास जाताना

चर्चगेट स्थानकातून ओव्हल मैदानाची वाट धरणाऱ्या प्रवाशाने वेळ निवडावी ती दुपार कलल्यानंतरची. कारण मनोऱ्याचे मुख पश्चिमेस असल्याने, मावळतीकडे झुकलेल्या सूर्याचा तिरपा प्रकाश त्या फिकट पिवळसर पाषाणावर पडतो, तेव्हाच कोरीवकामाची खोली खऱ्या अर्थाने प्रत्ययास येते. उंची २८० फूट. पायाभरणी १८६९ ची, पूर्तता १८७८ ची. आराखडा गिल्बर्ट स्कॉट यांचा, ज्यांनी मुंबई कधी पाहिलीच नाही. आणि द्रव्य प्रेमचंद रायचंद या मातबर व्यापाऱ्याचे, ज्यांच्या मातोश्रींचे नाव वास्तूस लाभले.

मनोऱ्यावर चढण्याची मुभा सर्वसामान्य जनतेस नाही, हे आधीच ध्यानी धरावे, आणि मनोरा ज्या मुंबई विद्यापीठाच्या आवारात उभा आहे, तेथे प्रवेश मिळेल किंवा कसे, याची चौकशी आगाऊ करावी. परवानगी मिळाल्यास खालच्या ग्रंथालयाच्या रंगीत काचा पाहिल्यावाचून परतू नये. दुर्बीण मात्र अवश्य न्यावी. उंचावरील कोनाड्यांतून पश्चिम हिंदुस्थानातील नाना जातिजमातींच्या पाषाणमूर्ती उभ्या आहेत, आणि त्यांची शिरोभूषणे, त्यांच्या वस्त्रांच्या चुण्या, शिल्पकाराने एवढ्या निष्ठेने घडविलेल्या असूनही, मैदानावरून नुसत्या नजरेस मुळीच उलगडत नाहीत.