नैराश्यावरचा ऑनलाइन सल्ला : विश्वास ठेवण्याआधी काय तपासाल?

नैराश्याचे निदान झाले की बरेच रुग्ण आणि नातेवाईक घरी जाऊन आधी मोबाइलवर गोळीचे नाव शोधतात. यात गैर काही नाही. आजार समजून घेणारा रुग्ण उपचारही नीट घेतो. पण त्याच मोबाइलवर कुणी सांगते, 'या गोळ्यांची सवय लागते', तर कुणी म्हणते, '२१ दिवसांत नैराश्य मुळापासून बरे होते'. असे वाचून रुग्ण आठ-दहा दिवसांत गोळ्या बंद करतो आणि आजार बळावतो. म्हणून कोणताही सल्ला अमलात आणण्याआधी पुढील गोष्टी तपासा.

१. सांगणारा कोण आहे?

मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मानसोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. औषधे तोच लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि मानसोपचार (थेरपी) करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. 'लाइफ कोच' किंवा 'हीलर' म्हणवून घ्यायला मात्र कोणतीही पदवी लागत नाही. लेखाखाली लेखकाचे नाव, शिक्षण आणि तारीख नसेल तर सावध राहा.

स्वतः नैराश्यातून बाहेर पडलेल्यांचे अनुभव वाचून धीर येतो, आपण एकटे नाही हे कळते. पण त्यांना लागू पडलेली गोळी किंवा डोस तुम्हालाही लागू पडेल असे नाही.

२. सांगण्यामागे विक्री आहे का?

व्हिडिओच्या शेवटी चूर्ण, कोर्स किंवा शिबिराची जाहिरात असेल, तर आधी सांगितलेली माहिती त्याच चष्म्यातून पाहा. 'डॉक्टर तुमच्यापासून हे लपवतात' हे वाक्य बहुधा काहीतरी विकण्याआधीच येते.

३. मर्यादा सांगितल्या आहेत का?

'शंभर टक्के', 'कायमचा इलाज', 'एका आठवड्यात' अशी भाषा जबाबदार डॉक्टर वापरत नाही. खरी माहिती थोडी निरुत्साही वाटते. ती अशी :

- नैराश्यावरील गोळ्यांचा परिणाम जाणवायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला ६ ते ८ आठवडेही लागू शकतात.
- मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता असे त्रास बहुधा सुरुवातीच्या दिवसांत होतात. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर. गोळ्या सोडल्या जातात त्या याच काळात.
- पहिली गोळी प्रत्येकाला लागू पडतेच असे नाही. डोस किंवा औषध बदलावे लागू शकते.
- बरे वाटू लागल्यावरही निदान ६ महिने औषध चालू ठेवावे लागते.

४. बातमीत सांगितलेले संशोधन नेमके कशाचे आहे?

२०२२ साली ब्रिटनमधील संशोधकांनी जुन्या अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितले, की सेरोटोनिन कमी झाल्यामुळेच नैराश्य येते याला ठोस पुरावा नाही. समाजमाध्यमांवर त्याचा अर्थ 'गोळ्या निरुपयोगी आहेत' असा पसरला. तो आढावा मात्र आजाराच्या कारणाचा होता. गोळ्यांचा उपयोग होतो की नाही, हे त्यात तपासलेच नव्हते. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, म्हणून काही शरीरात पॅरासिटामॉल कमी पडल्याने ताप येत नाही.

गोळ्यांचा उपयोग तपासणारा मोठा आढावा २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात ५२२ चाचण्या आणि २१ औषधे होती. मोठ्या माणसांच्या नैराश्यात ही सर्व औषधे प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा, अधिक परिणामकारक आढळली. मात्र सरासरी फरक मध्यम स्वरूपाचा होता. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगणारा लेख विश्वासार्ह समजा.

५. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक का?

नाही. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती नैराश्यावरील अनेक गोळ्यांसोबत घेतल्यास शरीरात सेरोटोनिन धोकादायक प्रमाणात वाढू शकते. गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा परिणामही ती कमी करते. काढा, चूर्ण, ऑनलाइन मागवलेल्या कॅप्सूल, जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका.

व्यायाम, झोपेची शिस्त आणि माणसांत मिसळणे यांचा खरोखर फायदा होतो. पण तीव्र नैराश्यात अंथरुणातून उठणेही जड जाते. अशा वेळी 'फक्त चालायला जा, गोळ्या नकोत' हा सल्ला धोक्याचा आहे.

६. हे मात्र ऑनलाइन वाचून कधीच करू नका

- गोळी एकदम बंद करू नका. चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असे त्रास होऊ शकतात. हे दारूसारखे व्यसन नव्हे. पण डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावा लागतो.
- दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी घेऊ नका. बायपोलर आजार असलेल्याला केवळ नैराश्याची गोळी दिल्यास उन्माद उसळू शकतो.
- ऑनलाइन प्रश्नावलीच्या गुणांवरून निदान ठरवू नका. थायरॉइडचे कार्य कमी झाले तरी अशीच लक्षणे दिसू शकतात.

घरच्यांसाठी

रुग्णाला व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी स्वतः पूर्ण पाहा. 'मन खंबीर कर' असा उपदेश करणारा व्हिडिओ त्याची अपराधीपणाची भावना वाढवतो. शंका असेल तर ती कागदावर लिहा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. पंचवीस वर्षांखालील रुग्णांवर गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर सुरुवातीचे काही आठवडे विशेष लक्ष ठेवा.

रुग्ण जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर इंटरनेटवर उपाय शोधत बसू नका. त्याला एकटे सोडू नका, ताबडतोब जवळच्या रुग्णालयात न्या. भारत सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास उपलब्ध असते.