शिक्षण अर्धे झाल्यावर अमेरिकेस जाणे

आपल्या ट्रस्टकडे शिक्षणसाहाय्यासाठी येणारे अर्ज पाहण्याचे काम काही वर्षे आमच्याकडे आहे. परदेशी शिक्षणाचा अर्ज म्हटला म्हणजे तो पदवीनंतर एम.एस. करण्यासाठी जाणाऱ्याचा, असेच पूर्वी समीकरण होते. अलीकडे एक निराळा अर्ज येऊ लागला आहे. मुलगा किंवा मुलगी बेळगावला अथवा हुबळीला कॉलेजात एकदोन वर्षे शिकलेली असते आणि उरलेले शिक्षण अमेरिकेत पुरे करून तिकडचीच पदवी घ्यावी, असे घरच्यांच्या मनात येते. अमेरिकन विद्यापीठे अशा विद्यार्थ्यास ट्रान्सफर विद्यार्थी म्हणतात. ट्रान्सफर म्हणजे बदली, आणि बदली म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सरकारी नोकर उभा राहतो. हुद्दा तोच, पगार तोच, फक्त गाव बदलले. पहिली फसगत येथेच होते. विद्यार्थ्याच्या या बदलीत हुद्दा तोच राहील याची हमी कोणी दिलेली नसते.

तिकडे शिक्षण वर्षांनी मोजीत नाहीत, क्रेडिटांनी मोजतात. आठवड्यास एक तास याप्रमाणे सुमारे पंधरा आठवडे शिकविले की एक क्रेडिट होते. साधारण विषय तीन क्रेडिटांचा असतो, एका सेमिस्टरला विद्यार्थी सुमारे १५ क्रेडिट घेतो, आणि पदवीस सुमारे १२० लागतात. इंजिनिअरिंगला काही ठिकाणी त्याहून अधिक. तेव्हा इकडे दोन वर्षे झाली म्हणजे तिकडे तिसऱ्या वर्षात बसावयाचे, हा हिशेब चुकीचा आहे. इकडच्या प्रत्येक विषयाशी मिळताजुळता विषय आपल्याकडे आहे की नाही, हे ते विद्यापीठ तपासते आणि पटेल तेवढेच क्रेडिट मान्य करते. मान्य झालेल्यांतही दोन प्रकार असतात. काही क्रेडिट मुख्य विषयाच्या अटी पुऱ्या करतात, तर काही नुसते ऐच्छिक म्हणून जमेस धरले जातात आणि पदवी एका दिवसानेही जवळ आणीत नाहीत. शिवाय ठराविक क्रेडिट आमच्याच येथे मिळविले पाहिजेत, असा प्रत्येक विद्यापीठाचा नियम असतो. इकडचे गुण मात्र तिकडच्या सरासरीत सहसा धरीत नाहीत. तेथे पाटी कोरी असते. हुशार मुलास याचे वाईट वाटते, अडखळलेल्यास बरे वाटते.

हे सारे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो असतो तर स्वस्तात पडले असते. आमच्या थोरल्या आपाचा मुलगा येथे मेकॅनिकल इंजिनिअरिंगची चार सेमिस्टरे उत्तम गुणांनी पास झाला आणि २०१५ साली ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठात ट्रान्सफर होऊन गेला. घरात पदवीधर मास्तर मीच, म्हणून अर्ज भरण्यास आम्हीच शेजारी बसलो होतो. खर्च वर्षास सुमारे तीस हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने वीस लाखांच्या आसपास होता. दोन वर्षे धरून चाळीस लाखांचा आकडा निघाला. भाऊजींनी खानापूर रस्त्यावरचा घरासाठी घेतलेला प्लॉट विकला आणि राहिलेले बँकेकडून काढले. प्रवेशाच्या पत्रात एक ओळ होती की, क्रेडिटांचे मूल्यमापन यथावकाश कळविण्यात येईल. ती ओळ आम्ही वाचली आणि पुढे गेलो.

मूल्यमापन आले ते व्हिसा होऊन तिकीट काढल्यावर. पदवीस १२८ क्रेडिट हवे होते. चार सेमिस्टरांचे ६४ तरी मिळतील अशी आमची समजूत. मान्य झाले ३८. म्हणजे ९० क्रेडिट उरले, अर्थात सहा सेमिस्टरे, तीन वर्षे. वर्कशॉपचा विषय गेला, संविधान व कन्नड हे विषय ऐच्छिकात पडले. सर्वांत खटकले ते गणिताचे. इकडे गणिताचा प्रत्येक पेपर म्हणजे मिसळ असते. थोडे कलन, थोडी समीकरणे, थोडे सदिश. तिकडे कलन पहिले, दुसरे, तिसरे आणि विकलक समीकरणे असे स्वतंत्र विषय असतात. मार्क्स कार्डावर नुसते ‘गणित, भाग तीन’ एवढे वाचून तेथील प्राध्यापकाने तरी काय जुळवावे?

तेव्हा आम्ही उशिरा शहाणे झालो. चारही सेमिस्टरांचा छापील अभ्यासक्रम मिळविला. प्रत्येक प्रकरणाचे तास, नेमलेली पुस्तके, प्रात्यक्षिकांची यादी हे सर्व त्यात असते. त्याच्या प्रत्येक पानावर सही-शिक्का घेण्यासाठी एका कार्यालयात आम्ही सहा हेलपाटे घातले. ते कागद घेऊन मुलगा तेथील गणित विभागात गेला आणि त्याने फेरविचाराचा अर्ज दिला. तीन विषय मिळून १० क्रेडिट वाढले. उरलेले ८० त्याने प्रत्येक सेमिस्टरला १६ घेऊन पाच सेमिस्टरांत पुरे केले. डिसेंबर २०१७ मध्ये पदवी झाली. त्या पाचव्या सेमिस्टरसाठी आपाचे दागिने सोसायटीत गहाण पडले. ते सुटले, प्लॉट मात्र गेला तो गेला. आपा अजून भाड्याच्या घरात राहते.

म्हणून अर्जदारांना आम्ही आता पहिला प्रश्न विचारतो तो विद्यापीठाच्या नावाचा नव्हे. अभ्यासक्रमाची प्रत आहे का, हे विचारतो. अर्जाआधीच प्रवेश-कचेरीस व त्या विभागास पत्र लिहून आपले विषय कसे धरले जातील हे विचारावे. बरीच विद्यापीठे प्रवेशापूर्वी निश्चित उत्तर देत नाहीत, पण अंदाज देणारी पुष्कळ असतात. प्रवेश मिळाल्यावर तरी अनामत रक्कम भरण्यापूर्वी लेखी मूल्यमापन मागावे, आणि ते आल्याखेरीज प्लॉटवर बोर्ड लावू नये.

आता कागदपत्रांविषयी. बारावीनंतर ज्या ज्या कॉलेजात नाव घातले असेल त्या प्रत्येकाचे अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट लागते, मग तेथे एकच सेमिस्टर काढले असो की नापास झाले असो. ‘ते वर्ष दाखवूच नका, नव्याने बारावीवर अर्ज करा’ असा सल्ला देणारे कन्सल्टंट आम्ही पाहिले आहेत. हे खोटे निवेदन होय. उघडकीस आल्यास प्रवेश आणि दिलेली पदवीसुद्धा रद्द होऊ शकते. याखेरीज एस.एस.एल.सी. व पी.यू.सी.ची मार्क्स कार्डे, प्राध्यापकांची शिफारसपत्रे, चालू कॉलेजचा अहवाल, इंग्रजीची टोफेल वा आय.ई.एल.टी.एस. परीक्षा, आणि कॉलेज का बदलतो याचे निवेदन लागते. या निवेदनात आपल्या कॉलेजची निंदा करू नये. येथे जे शिकता येत नाही ते कोणते, एवढे नेमके सांगावे. पुष्कळ विद्यापीठे वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्थेकडून विषयवार मूल्यमापन मागतात. ते करून घेताना ट्रान्स्क्रिप्ट आपल्या विद्यापीठाने थेट धाडावे लागते आणि त्यात महिने जातात. ऑगस्टच्या प्रवेशासाठी नामांकित विद्यापीठांची मुदत बहुधा मार्चच्या सुरुवातीसच संपते, आणि आपल्याकडे डिसेंबरच्या परीक्षेचे निकाल तेव्हा कोठे लागू लागतात! तयारी वर्षभर आधी सुरू करावी ती याचसाठी.

गुणांबद्दल घाबरण्याचे कारण नाही. आपल्याकडे साठ टक्के म्हणजे प्रथम वर्ग, हे तिकडच्या अनुभवी कचेऱ्यांस ठाऊक असते. तरीही ट्रान्स्क्रिप्टबरोबर श्रेणींचा खुलासा जाईल असे पाहावे, कारण तिकडे साठ म्हणजे काठावर पास.

नावाचा घोळ मात्र आमच्या समाजात घरोघरी आहे. एस.एस.एल.सी.वर नुसती आद्याक्षरे, मार्क्स कार्डावर वडिलांचे नाव मध्ये, पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा. शेख हे आडनाव एकाच मुलाच्या तीन कागदांवर तीन रोमन स्पेलिंगांनी लिहिलेले आम्ही पाहिले आहे. पासपोर्टवर एकच नाव असले तर अमेरिकन व्हिसावर ते आडनाव म्हणून पडते आणि नावाच्या जागी ‘एफ.एन.यू.’, म्हणजे नाव अज्ञात, अशी अक्षरे येतात. मग तिकडे बँकेत, वसतिगृहात, सगळीकडे पोर अज्ञात ठरते. अर्जाआधी पासपोर्ट दुरुस्त करून घेणे सोपे.

पैशाचे बोलावयाचे तर स्पष्टच बोलू. डॉ. आंबेडकर बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, याचा दाखला पालक हमखास देतात. परंतु ते मुंबईची बी.ए. पुरी करून उच्च शिक्षणासाठी गेले होते. आजही अध्यापनाच्या वा संशोधनाच्या कामाचे वेतन आणि फीमाफी मिळते ती बहुतेक पदवीनंतरच्या विद्यार्थ्यांना. पदवीपूर्व परदेशी विद्यार्थ्यास अमेरिकन सरकारची मदत मिळत नाही. विद्यापीठांची मदत थोडी, आणि ट्रान्सफर होऊन येणाऱ्यास त्याहूनही थोडी. सत्र चालू असता विद्यापीठाच्या आवारात आठवड्यास वीस तासांपर्यंत काम करता येते. त्यातून जेवणखाण निघेल, फी निघणार नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कागद देताना विद्यापीठ पैशाचा पुरावा मागते तो पहिल्या वर्षाचा. पुढची वर्षे कशी निभावणार, याची बेरीज त्या कागदावर नसते. ती घरीच करावी लागते, आणि आम्ही केली तशी नव्हे.

एक दुसरी वाटही आहे. तेथील कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षे शिकून मग मोठ्या विद्यापीठात जाता येते. फी कमी, आणि कोणता विषय पुढे कोठे धरला जाईल याची कोष्टके आधीच ठरलेली. कॅलिफोर्नियात सांता मोनिका, डी अँझा अशा कॉलेजांत परदेशी मुले पुष्कळ असतात. ठराविक अटी पाळल्यास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस, अर्वाईन, सांता बार्बरा इत्यादी सहा शाखांत प्रवेशाची लेखी हमी मिळते. बर्कली व लॉस एंजेलिस त्यात नाहीत. मात्र शेवटच्या दोन वर्षांत परप्रांतीयांची जबर फी भरावी लागतेच. इकडे एक-दोन वर्षे झालेल्यांना ही वाट लांबची वाटेल. हार्वर्डसारखे विद्यापीठ तर किमान एक व कमाल दोन वर्षे झालेल्यांचाच ट्रान्सफर अर्ज घेते. पण तेथील जागा इतक्या थोड्या की त्या भरवशावर येथील कॉलेज सोडू नये. अर्ज चालू असता येथली परीक्षा देत राहावे.

भाच्याचे अभ्यासक्रमाचे कागद, फेरविचाराचा अर्ज आणि ते ३८ क्रेडिटांचे पत्र आमच्याकडे आहे. ज्यांच्या घरी असा विचार चालू असेल त्यांनी शाळा सुटल्यावर यावे, आणि येताना मार्क्स कार्डे व पासपोर्ट बरोबर आणावा.